बारावं पेन

१

भाच्यानं मला आतल्या खोलीत बोलावून पेटी पुढे सरकवली, आणि मी तिच्यात डोकावले.

बारा पेनं ओळीनं ठेवली होती. काळी, तपकिरी, दोन हिरवट. प्रत्येक पेन त्यानं स्वतः लेथवर फिरवून, घासून, पुसून घडवलेलं. भाच्यानं पहिल्या पेनाचं टोपण काढून निब माझ्यापुढे धरली. निबेच्या मधोमध केसाएवढी चीर असते, तिथून शाई खाली उतरते. त्या चिरेच्या दोन्ही बाजूची पाती आता उघड्या चिमट्यासारखी फाकली होती. टोक कशावर तरी टेकवून कोणीतरी त्यावर भार दिला होता. दुसरं पेन तसंच, तिसरं तसंच.

"सकाळी नऊला सगळी लिहून बघितली होती मी, आत्या," तो म्हणाला. "सगळी चालत होती."

मी त्याला धाकटा म्हणते. त्याच्या बहिणीला थोरली. त्यांचा बाप म्हणजे माझा दादा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, आणि ही खोली, हा लेथ, हे निबांचं टेबल त्याचंच. दादा आयुष्यभर लोकांची पेनं दुरुस्त करत राहिला. धाकट्यानं चार महिन्यांपूर्वी पंपाच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि पेनं घडवायला घेतली. उद्या सकाळी दहा वाजता पुस्तकवाल्या बाई येणार होत्या. त्यांच्या दुकानात दारासमोरच काचेचं कपाट आहे. प्रत्येक पेनानं त्या स्वतः लिहून बघणार, आवडलं तर कपाट धाकट्याचं. नाही आवडलं तर कारखान्याच्या साहेबापुढे पुन्हा हात जोडायचे. नव्या निबा मागवायच्या तर तीन आठवडे लागतात. म्हणजे धंदा सुरू व्हायच्या आधीच बसला होता.

"आणि हा दिवा कोणी हलवला?" असं चिडून म्हणत त्यानं टेबलावरचा दिवा उजवीकडून उचलला आणि डावीकडे ठेवला. खोलीला खिडकी नाही, त्यामुळे दुपारीसुद्धा दिवा लागतो.

माणूस घाबरला की क्षुल्लक गोष्टींवर चिडतो. मी तीस वर्षं परीक्षेच्या हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून फेऱ्या मारल्या आहेत, घाबरलेली माणसं मला नवी नाहीत. मी म्हटलं, "आधी पेनं मोज. किती बिघडलीत?"

त्यानं मोजली. अकरा. बारावं हातात घेतलं आणि कडवट हसला. "हे काय बिघडवणार? हे आधीपासूनच ओरखडत होतं. उगाच बाराचा आकडा भरावा म्हणून ठेवलं होतं." आणि सवयीनं त्यानं वहीवर एक रेघ ओढली.

रेघ सरळ, ओली, न अडखळता उमटली.

मी ते पेन त्याच्या हातातून घेतलं. ज्यानं अकरा पेनं मोडली, त्यानं बारावं दुरुस्त करून ठेवलं होतं.

२

बाहेर पानं वाढली होती आणि चार माणसं जेवायची थांबली होती. सकाळपासून माझ्याखेरीज ही चौघंच घरात होती, आणि चौघंही कधी ना कधी त्या खोलीत जाऊन आली होती. धाकटा स्वतः साडेनऊला शाईच्या बाटल्या आणायला बाहेर पडला, तो साडेबाराला परतला.

मी धाकट्याला सांगितलं, "कोणाला काही बोलू नकोस. तू गप्प जेव." तो जेवला नाही, पण गप्प बसला. त्याच्या गप्प बसण्यानंच सगळ्यांना कळलं.

पहिली सूनबाई. धाकट्याची बायको, जिभेची तिखट. तिला मी ओट्यापाशी गाठलं.

"माझ्यावर संशय?" तिनं झारा खाली ठेवला. "घ्या की. त्या लेथचा मला राग आहे, हे मी कधी लपवलंय? सवत आहे ती माझी. तिला तेल काय घालतात, फडक्यानं पुसतात काय! माझी चौकशी शेवटची कधी केली होती ते विचारा तुमच्या भाच्याला."

"मग?"

"मग काय? घर ह्याच पेनांवर चालायचंय. सवतीचे केस ओढीन मी, पण ती दुभती असेल तर गोठ्यातून हाकलणार नाही." स्वतःच्याच बोलण्याचं तिला हसू आलं. मग डोळे भरले. "आत्या, ह्यातलं कुठलं पेन चांगलं आणि कुठलं वाईट, हे मला अजून ओळखता येत नाही हो. सगळी काळीच दिसतात."

"आत कशाला गेली होतीस?"

"छापखान्याचा माणूस अकराच्या सुमाराला पेटीचं झाकण देऊन गेला. ते टेबलावर ठेवलं आणि आले. थोरल्या वन्सं तिथंच बसल्या होत्या, पेनांसाठी शिवायच्या पिशव्यांची मापं घेत."

दुसरा चष्मेवाला. धाकट्याचा शाळेपासूनचा मित्र, चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान. पेनं विकायची कल्पना मुळात त्याची. त्याला वाटत होतं की पेनं त्याच्याच दुकानात, चष्म्यांच्या शेजारी मांडली जातील. धाकट्यानं पुस्तकवाल्या बाईंना विचारलं तेव्हापासून हा जरा फुगला होता.

"वाईट वाटलं ना?" मी विचारलं.

"वाटलंच. कल्पना माझी, नावसुद्धा मीच सुचवलं, झाकणावर काय छापायचं तेही मीच लिहून दिलं. आणि कपाट दुसऱ्याचं!" त्यानं चष्मा काढून पुसला. "पण आत्या, मला मोडायचंच असतं तर मी एक पेन उचलून खिशात टाकलं असतं आणि लोकांना दाखवत फिरलो असतो. इतकी चांगली आहेत ती. तोच तर त्रास आहे."

"आत कशाला गेलास?"

"ह्याचं भिंग दुरुस्त करायला घेतलं होतं, ते ठेवायला. दहाला. तेव्हा निबवाले काका खुर्चीत डुलक्या काढत होते."

आता काका उरले, आणि थोरली. निबेवर हात चालवून तिचा ओरखडा काढणं हे वर्षानुवर्षांचं काम आहे. ह्या चौघांत ते येणारा माणूस एकच होता, आणि तो समोर बसून अर्धा कप चहा पीत होता.

३

निबवाले काका. टपाल कचेरीच्या भिंतीला टेकून चाळीस वर्षं पेनं दुरुस्त करत बसलेला माणूस. दादाचा सोबती, आणि दादानंतर धाकट्याचा गुरू. धाकट्याच्या कुठल्याही पेनावर, कुठल्याही कागदावर त्यांचा उल्लेख नव्हता, हे मला खटकलं होतं. त्यांना खटकलं नसेल असं मी तरी मानणार नव्हते.

"काका, मत्सर वाटतो का पोराचा?" मी सरळच विचारलं. आमच्या वयाला आडवळणं परवडत नाहीत.

"वाटतो," ते म्हणाले. "त्याच्या नावाचा नाही. त्याच्या हातांचा."

मी बारावं पेन त्यांच्यापुढे धरलं. "ह्याची निब बघा बरं जरा."

त्यांनी ते हातात घेतलं नाही. मी ते टेबलावर ठेवलं, तेव्हा त्यावर वाकले. आणि मग मला कळलं, मी इतका वेळ काय बघत होते. चहा अर्धाच मागितला होता त्यांनी. कप दोन्ही हातांनी धरला होता. तरी बशीत चहा सांडला होता.

"किती दिवस झाले?" मी हळूच विचारलं.

"दोन वर्षं. पोराला सांगू नका. त्याला मी तोंडानं शिकवलं. 'इथं घास, इतकं घास.' तो समजतो, गुरू स्वतः हात लावत नाही ही शिकवायची पद्धत आहे." ते हसले. मग डोळा बारीक करून निबेकडे बघत राहिले. "हे कोणी केलं? सुरेख केलंय. पण चुकीच्या बाजूनं केलंय."

"म्हणजे?"

"दाणा कललाय. निबेच्या टोकाला दाणा असतो ना, तो लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे घासायचा. तुम्ही लिहून बघा, सरळ रेघ नाही, अक्षरं काढा."

मी अक्षरं काढली. खाली येताना पेन मऊ चालत होतं. वर जाताना दरवेळी कागदाला किंचित अडकत होतं. काका मान डोलावत म्हणाले, "बघा. हे पेन तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठीही नाही. धाकट्यासाठी तर नाहीच."

मी पेन डाव्या हातात घेतलं. माझं डाव्या हाताचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण पेन लोण्यासारखं चाललं, वर आणि खाली, कुठंही न अडकता.

काकांनी माझ्याकडे बघितलं, मी काकांकडे. मग दोघांचीही नजर दारातून बाहेरच्या खोलीत गेली. तिथं थोरली कापडी पिशव्यांचे उरलेले दोरे कापत होती. कात्री तिच्या डाव्या हातात होती.

४

मला तिचं लहानपण आठवलं. दादा निबा घासायला बसला की ही त्याच्या पायाशी बसायची, पत्र्याचा डबा हातात धरून. आम्हाला वाटायचं, नुसती बघते. एकदा दादानं तिच्या हातात पेन दिलं आणि तिनं ते डाव्या हातात धरलं. दादा भला माणूस, पण त्या बाबतीत अडाणी. त्यानं तिचा डावा हात रुमालानं खुर्चीला बांधला. वर्षभर. ती उजव्या हातानं लिहायला शिकली, तिचं अक्षर कायमचं बिघडलं, आणि 'हिच्या हाताला वळण नाही' असं दादाच सगळ्यांना सांगायचा. टेबल धाकट्याला मिळालं. मी तेव्हा काही बोलले नाही. हे माझ्या खात्यावर आहे.

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. मी बाहेर जाऊन तिच्यासमोर बसले.

"थोरले, हात दाखव."

तिनं उजवा पुढे केला.

"दुसरा."

डाव्या तळव्याची करंगळीकडची कड निळी होती. जेवताना मी तो डाग बघितला होता आणि तिनं आपणहून सांगितलं होतं, "पिशव्यांवर नंबर घालत होते." मी एक पिशवी उलटी केली. नंबर पेन्सिलीनं घातलेले होते.

"तीस वर्षं मी परीक्षेच्या हॉलमध्ये हे डाग बघितलेत," मी म्हटलं. "डावखुऱ्या पोरांचे. हात ओल्या अक्षरांवरून सरकत पुढे जातो, म्हणून कड निळी होते. उजव्यानं लिहिणाऱ्याला तिथं शाई लागतच नाही. आणि आत दिवा उजवीकडे सरकवलेला होता. धाकटा त्याच्यावर चिडला. डाव्या हातानं बारीक काम करायचं तर दिवा उजवीकडेच लागतो, नाहीतर आपलीच सावली आपल्या कामावर पडते."

ती दोरे गोळा करत राहिली.

"सकाळी धाकटा म्हणाला की बारावं ओरखडतंय, तेव्हा तू म्हणालीस, 'दाणा तिरका असेल.' त्याच्या कानापर्यंत गेलं नाही. माझ्या गेलं होतं, पण मीही सोडून दिलं."

"माझं कोण ऐकतं इथं," ती म्हणाली. ते तिनं मला सांगितलं नव्हतं, त्या दोऱ्यांना सांगितलं होतं.

"एकच गोष्ट मला सुटत नव्हती. मोडायला आलेला माणूस दुरुस्ती कशाला करेल? मग उमगलं. तू मोडायला गेलीच नव्हतीस. तू आधी सुधारलंस. अकराच्या आधी. तेव्हा तू चांगली होतीस. मग झाकण आलं."

मी आतून ते झाकण आणून तिच्यापुढे ठेवलं. गडद निळं, वर सोनेरी अक्षरं. 'वडील आणि मुलगा. हातानं घडवलेली पेनं.'

"सूनबाईनं ते टेबलावर टाकलं, तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. चष्मेवाल्यानं तर स्वतःच लिहून दिलं होतं. काकांना मत्सर आहे, पण हात नाहीत. ह्या शब्दांनी ज्याला घरातून बाहेर काढलं, असा माणूस एकच आहे."

५

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, भांडली.

"काय चुकलं त्यात? खरंच तर छापलंय. वडील आणि मुलगा! मी कुठं होते? मी पिशव्या शिवणारी. आत्या, मी ते पेन हातात घेतलं ना, फक्त बघायला. दाणा बोटाला कळला. बाबांचा निबा घासायचा दगड त्याच खणात होता, बत्तीस वर्षं झाली तरी त्याच खणात. दहा मिनिटं घासलं. मग डाव्या हातानं लिहिलं. एक पानभर लिहिलं. माझं अक्षर इतकं सुंदर आहे, हे मला माहीतच नव्हतं! मी ठरवलं होतं, धाकटा आला की त्याच्या हातात पेन द्यायचं आणि गंमत बघायची."

"आणि झाकण आलं."

"आणि झाकण आलं." तिचा आवाज उतरला. "मग मला काही दिसेनासं झालं. एकेक पेन टेकवून दाबलं. मोजून. बाराव्याला हात लाववेना. ते माझं होतं."

दारात धाकटा उभा होता. किती वेळ, देव जाणे.

"माझं पोट होतं त्या पेटीत," तो म्हणाला. मी त्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. "चार महिने. तुला माहीत होतं, ताई."

"माहीत होतं. म्हणून तर केलं."

"मला विचारलं असतंस तर?"

"तू मला विचारलंस?"

सूनबाई आतून आली आणि नवऱ्याच्या दंडाला धरून उभी राहिली. चष्मेवाला काहीतरी शहाणपणाचं बोलायला गेला, त्याला मी डोळ्यानंच गप्प केलं. तीस वर्षं मी पोरांना चुकांवरून पकडलं. दोघांच्या पेपरात एकच चूक निघाली की समजायचं, नक्कल आहे. ही एकटीच अशी, जी बरोबर उत्तरावरून सापडली. आणि अशा गुन्हेगाराचं काय करायचं, हे मला कुठल्या नियमात सापडेना.

शेवटी काकाच बोलले, आतल्या खोलीतून. "फाकलेली निब मोडलेली नसते रे. मिटवता येते. हात पाहिजे फक्त. माझा गेला. आणि पोरा, तुझा अजून तितका बसला नाही, राग मानू नकोस. चार वाजतायत. अकरा निबा आहेत. कोणाला यायचंय?"

मग थोरली उठली, कोणाकडेही न बघता आत गेली आणि दादाच्या टेबलापाशी बसली. भिंग डोळ्याला लावलं. पहिली निब घेतली, उजव्या हातात.

"डाव्या," मी दारातून म्हटलं.

तिनं हात बदलला. काका तोंडानं सांगू लागले, पण दोन निबांनंतर त्यांनी सांगणं बंद केलं, गरज उरली नव्हती. ती भराभर करत नव्हती. पाती मिटवायची, चीर भिंगातून बघायची, दगडावर निब फिरवत आठाचे दोन आकडे काढायचे, कागदावर एक रेघ. काकांनी बजावलं होतं, ही विकायची पेनं आहेत, दाणा मधोमध ठेव. तिसऱ्या निबेला तिची चूक होऊ लागली. मान पुन्हापुन्हा वाकडी करून ती सावलीच्या पलीकडे बघायला धडपडत होती.

धाकटा इतका वेळ भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा होता. त्याचा राग गेला नव्हता, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. तो पुढे आला. मला वाटलं, तिच्या हातातून निब हिसकावून घेणार. त्यानं दिवा उचलला, वायर सोडवली आणि दिवा तिच्या उजव्या बाजूला ठेवला. मग परत भिंतीशी जाऊन हाताची घडी घालून उभा राहिला.

थोरलीनं वर बघितलं नाही. पण त्यानंतर तिची एकही निब चुकली नाही.

६

पुस्तकवाल्या बाई दहाला पाच कमी असताना आल्या. अकरा पेनांनी अकरा ओळी लिहिल्या, चौथं पेन मात्र दोनदा घेतलं. मग म्हणाल्या, "सोमवारी कपाट रिकामं करते." सूनबाईनं मागच्या मागे माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"पण तुम्ही बारा म्हणाला होतात," बाई म्हणाल्या.

"बारावं विकायचं नाही," धाकटा म्हणाला. "ते ताईचं आहे."

थोरली कोपऱ्यात पिशव्यांच्या गाठी मारत होती. ती तशीच मारत राहिली. भावाशी कालपासून ती चार शब्दांच्या वर बोलली नव्हती, तोही नाही. ह्या घरात असली भांडणं एका दिवसात मिटत नाहीत.

बाईंनी पेटी बंद केली आणि झाकणावर बोट ठेवलं. "इथं पट्टी का चिकटवलीय?"

मी वाकून बघितलं. सोनेरी 'मुलगा' वर पांढऱ्या कागदाची पट्टी होती, आणि तिच्यावर शाईनं एकच शब्द लिहिला होता. सबंध ओळ झाली, 'वडील आणि मुलं.' आता कोणीही वाचलं तरी त्यात दोघंही येत होती. अक्षर उलट्या बाजूला कललेलं, ठसठशीत, सुंदर. तीस वर्षांत लाखभर अक्षरं बघितली मी, हे त्यातलं नव्हतं.

"कोणाचं अक्षर?" बाईंनी विचारलं.

"हिचं," धाकटा म्हणाला. "सकाळी मीच सांगितलं लिहायला. पुढची झाकणं तशीच छापणार आहे."

सगळे हसले, बोलू लागले. मला मात्र दादा आठवत होता, आणि आमच्या लहानपणी त्याच्यासाठी मी बाजूला ठेवलेल्या कितीतरी गोष्टी. त्यानं माझ्यासाठी कधी दिवा हलवला नाही, आणि मीही कधी मागितला नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला थोरलीचा फार हेवा वाटला.